फर्म्याची पाठ

मी जन्माचा भोचक, हे आधीच सांगून टाकतो. नागपुरात, महाल भागातल्या आमच्या गल्लीत कोणाकडं पाहुणा आला, किती दिवस राहणार, जाताना काय घेऊन गेला, हे कळल्याशिवाय मला घास उतरत नसे. बायको म्हणायची, "लोकाईच्या चुलीवर काय शिजून राहिलं ते पाहता पाहता आपलं दूध उतू जाते." जायचंही. सत्यवती सोमकुवरचं खोकं मी उघडलं ते याच खोडीपायी. चोरी करायची नव्हती, देवाशपथ. नुसतं पाहायचं होतं.

एक्क्याऐंशीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. सीताबर्डीत एका कापडाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आमचं संगणन केंद्र होतं. ज्या संस्थांना स्वतःचा कॉम्प्युटर परवडत नसे, त्या आपल्या याद्या आमच्याकडं आणायच्या. मशीन तीन कपाटांएवढं. त्याच्या खोलीला एसी अन् आम्हाला गरगरणारा पंखा. लांबट जाड कार्डांना भोकं पाडून मशीनला माहिती भरवायची, अन् रद्दी झालेल्या कार्डांच्या कोऱ्या जागेवर अख्खं ऑफिस किराण्याच्या याद्या लिहायचं.

आम्ही पाच प्रोग्रामर. आमचे मुख्य वामनराव पोहेकर साहेब सांगायचे, "प्रोग्रामरची किंमत त्याच्या कुलपात असते." म्हणून ज्याचे प्रोग्राम त्याच्या कपाटात, अन् कपाटाला कुलूप. दोन माणसं शेजारी बसून एकच अडचण सोडवायची, महिनाभर, एकमेकांना न सांगता. मी तर दोन कुलपं लावत होतो. हसू नका. त्या काळी आम्हाला यात हुशारी वाटत होती.

आणि ही सत्यवती. वय पंचवीस, गणितात बी.एस्सी., दोन वर्षांच्या बोलीवर लागलेली. ब्याऐंशीच्या तीस जूनला तिला कायमची ऑर्डर मिळायची, नाहीतर रामराम. ती नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतली. छप्पन्न साली तिच्या आईबापानं धम्मदीक्षा घेतली तेव्हा ती आईच्या पोटात होती. आमच्या ऑफिसात आधी आडनाव विचारायचे, मग काम. पहिले सहा महिने तिचं टेबल बाहेर जिन्याजवळ होतं, अन् त्यावर मीही एक शब्द बोललो नव्हतो. खोटं काहून सांगू?

पण ज्या कामाला मला दहा दिवस लागायचे, ते ही बाई तीन दिवसांत करायची. हे मला सहन होईना. जळत होतो म्हणा हवं तर, पण त्याहून जास्त मला कोडं पडलं होतं. मी पाहिलं, काम सुरू करण्याआधी ती टेबलाखालचं चपलांचं एक रिकामं खोकं काढते, त्यात बोटं फिरवते, एक कार्ड उपसते, वाचते, अन् मग लिहायला बसते. एका दुपारी ती डबा खायला गेली अन् मी खोक्यापाशी गेलो.

आत रद्दी कार्डं. प्रत्येकावर सुवाच्य अक्षरात मराठी. मी सातवं उपसलं.

"फर्मा ७. दोन गठ्ठे जुळवणे. केव्हा लागतो: जुनी यादी आहे, तिच्यात दुरुस्त्या घालायच्या आहेत. कसा: दोन्ही गठ्ठे नंबराच्या एकाच क्रमानं लावून घ्या. दोन्हींचं वरचं कार्ड पाहा. नंबर जुळला तर दुरुस्ती लावा, दोन्ही कार्डं उचला, पुढं चला. नाही जुळला तर लहान नंबरचं आधी सोडा."

अरे बाप्पा! हे तर मी करतोच की. गेली आठ वर्षं करून राहिलो होतो, दर वेळी नव्यानं, दर वेळी डोकं खाजवत. पण याला नाव असू शकतं, हे कार्डावर मावू शकतं, असं कधी मनात आलं नव्हतं. आता नागपूरच्या मिहानातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांतली पोरं याला डिझाइन पॅटर्न म्हणतात, अन् ते अमेरिकेतून आलं असं सांगतात. आलं असेल बुवा. माझ्यापुरतं ते चपलांच्या खोक्यातून आलं.

"वाचा नं भाऊ."

मागं सत्यवती उभी. माझ्या हातातून चार कार्डं सांडली.

"मी... ते... टाचणी शोधून राहिलो होतो," मी म्हटलं.

"टाचणी टेबलावर हाय. अन् लपून काहून वाचता? मी कुठं कुलूप लावलं? वाचासाठीच ठेवलं हाय. फक्त पाठ पहिले वाचत जा."

"कशाची पाठ?"

"कार्डाची. पुढं काय करायचं ते लिहिलं हाय. मागं कुठं फसते ते."

मी म्हटलं, "हे सगळं असं वाटून टाकशील तर तुले कोण ठेवंल वं इथं?"

ती हसली. "मले नीट सांगता नाई येत. बाबाच्या दुकानात या एकदा. तिथं लवकर समजते."

बोलावलं अन् मी गेलो नाही, असं होईल का? दुसऱ्याच दिवशी ऑफिस सुटल्यावर सीताबर्डीतल्याच मोदी नंबर दोनच्या गल्लीत शिरलो. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. एक शिलाई मशीन, एक कोळशाची इस्त्री, अन् तिचे बाबा, धोंडबा टेलर, जाड भिंगांचा चष्मा लावून कापडावर इतके वाकलेले की नाक टेकेल. तिन्ही भिंतींना खिळे, अन् खिळ्यांवर कागद टांगलेले. जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदातून कापलेले पाठीचे, बाह्यांचे, कॉलरचे आकार. शिंपी ज्यावरून कापड बेततो ते फर्मे.

"या साहेब. कोट का पँट?"

"काही नाही धोंडबाजी, नुसतं पाहायला आलो."

"पाहा नं. पाहाले काय लागते?"

मी एक फर्मा उलटा केला. मागं पेन्सिलनं लिहिलं होतं: "चंपतराव, पोस्टातले. कॉलर मानेत रुतली. माप घेतलं तवा त्याईची मान वर होती, ध्यानात आलं नाई. माझी चूक. धों." दुसरा उलटा केला. त्यावर वेगळंच अक्षर: "जाड कापडाले हा फर्मा चालत नाई. बगल उसवली. बळीराम टेलर, गड्डीगोदाम."

"हा बळीराम कोण?"

"तोबी शिंपी. माझा फर्मा उतरवून नेला त्यानं."

"तुमचा धंदा नेला म्हणा की!"

धोंडबांनी कात्री खाली ठेवली. "माझा उस्ताद लई मोठा कारागीर होता साहेब. पण कापाच्या टायमाले आमच्याकडं पाठ करून बसे. अकरा वर्षं मी त्याची पाठच पाहिली. त्याच्यासारखी शेरवानी नागपुरात कोणी शिवत नव्हतं. मेला, अन् शेरवानीबी मेली. सख्ख्या पोरालेबी फर्मा दाखवला नव्हता. तवा मी ठरवलं, आपलं सगळं भिंतीवर टांगायचं. ज्याले पाहिजे त्यानं न्यावं. पण फुकट नाई."

"किती घेता?"

"चूक घेतो."

मला वाटलं, म्हातारा थट्टा करून राहिला.

"खरं सांगतो. फर्मा नेला तर तो कुठं फसला ते येऊन पाठीवर लिहून द्यायचं. खाली नाव टाकायचं. ज्यानं नाई दिलं त्याले दुसरा फर्मा नाई. बिना पाठीचा फर्मा अर्धाच असते साहेब. सरळ माणसाचं माप कोणालेबी घेता येते."

मी खो खो हसलो. चूक लिहून द्यायची, वर नाव टाकायचं, अन् तीही भिंतीवर टांगायची! धोंडबांनी गळ्यातला टेप काढला. मग म्हणाले, "आलेच हाय तर शर्टाचं माप देऊन जा." माप घेतलं, कॅलेंडरचा एक कागद कापला, पुढं "वझलवार साहेब" असं लिहिलं, पाठ कोरी ठेवली अन् खिळ्याला टांगला.

त्या हिवाळ्यात मी खोक्यातली तेवीस कार्डं माझ्या लाल वहीत उतरवून घेतली. फक्त पुढची बाजू. इतका भोचक माणूस, जगाच्या पत्रावळी उचकणारा, पण पाठ मात्र वाचली नाही. त्या मागच्या ओळी मला घरगुती रडगाणं वाटायच्या. दुसऱ्याच्या चुकीशी मला काय करायचं, मला बरोबर काय ते पाहिजे होतं. मी घेतो हे पाहून बाकीचेही घेऊ लागले. कुलपं तशीच होती, पण कामं भराभर होऊ लागली. खोक्यातली कार्डं हाताळून मळकी झाली. पाठीवर मात्र सगळीकडं एकच अक्षर, तिचं.

ती विचारायची, "भाऊ, फर्मा तीन नेला होता तुम्ही. फसला का कुठं?"

"छे! एकदम झकास!"

साफ खोटं. दीड दिवस फसलो होतो मी त्यात. पण वामनरावांच्या ऑफिसात आपली चूक आपल्या हातानं लिहून ठेवायची म्हणजे बैला मला मार म्हणण्यासारखं. ती कार्ड उलटून मागची कोरी जागा पाहायची अन् परत खोक्यात ठेवायची.

मग आला जून. एका परीक्षा मंडळाचं काम माझ्याकडं आलं. निकाल लागून गेला होता, अन् ज्या मुलांनी पेपर फेरतपासणीला दिले होते त्यांचे वाढलेले मार्क जुन्या निकालात घालून नवा निकाल छापायचा होता. म्हणजे दोन गठ्ठे. म्हणजे फर्मा सात. मी वही उघडली, पण वहीतलं अक्षर माझं मलाच लागेना, म्हणून खोक्यातून कार्डच उचलून वहीत ठेवलं. दोन दिवसांत काम फत्ते. कामाच्या कागदावर "पद्धत" असा रकाना असायचा. त्यात मी लिहिलं, "सोमकुवर, फर्मा ७." काहून लिहिलं? तिचं नाव व्हावं, हे एक. अन् काही उलटसुलट झालंच तर आपल्यावर येऊ नये, हे दुसरं. दुसरं कारण मोठं होतं. आज सांगताना लाज वाटते, पण आहे ते आहे.

निकाल गेला अन् आठव्या दिवशी दुसरा मजला चढून एक बाई आली. रंभाबाई, उमरेडची, हातमागावर बसणारी. पहाटेची एसटी धरून आलेली. मंडळाच्या ऑफिसात दाद लागली नाही म्हणून विचारत विचारत आमच्याकडं पोचली होती. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले तीन कागद तिनं माझ्या टेबलावर मांडले.

"मास्तर, या चिठ्ठीत लिहिलं हाय गणितात मार्क वाढले. या चिठ्ठीत हाय इंग्रजीत वाढले. मंग या निकालात माही इंदू नापास कशी?"

मी कागद पाहिले. निकालात गणिताचे मार्क वाढलेले होते. इंग्रजीचे जुनेच.

"पोरगी तीन दिवसांपासून जेवून नाई राहिली मास्तर. म्हणते, कागदबी खोटं बोलतात. तुम्हीच पाहा नं."

तिला बसवलं, पाणी दिलं. मशीनवरचा आमचा कवडू अन् मी मिळून कार्डं बाहेर काढली. अर्ध्या तासात उमगलं. ज्या मुलांचा एकच विषय वाढला होता ती सगळी बरोबर होती. ज्यांचे दोन विषय वाढले होते, त्यांची एकाच नंबरची दोन कार्डं होती. माझ्या प्रोग्रामनं पहिलं कार्ड लावलं, जुनं कार्ड उचलून पुढं टाकलं, अन् मागून आलेल्या दुसऱ्या कार्डाला जागाच उरली नाही. ते गिळलं गेलं. इंदूसारखी अडतीस मुलं होती.

वामनरावांनी कामाचा कागद मागवला. रकाना वाचला अन् त्यांचा चेहरा लाल झाला.

"फर्मा! या बाईंचे हे शिंपीकामाचे धंदे मी पहिल्यापासून बघतोय. अडतीस मुलं, वझलवार! उद्या अकरा वाजता ते कार्ड माझ्या टेबलावर पाहिजे. आणि ही," त्यांनी टाइप केलेली तिची कायमची ऑर्डर उचलून दाखवली, "ही इथेच राहील." ऑर्डर खणात गेली, खणाला कुलूप लागलं.

त्याच वेळी मी सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलं सुद्धा. पण शब्द आला तो, "हो साहेब."

बाहेर येऊन वही उघडली. कार्ड काढलं अन् पहिल्यांदा त्याची पाठ वाचली.

"जानेवारी ८१. नेत्रशिबिराची यादी. एकाच नंबरची दोन कार्डं आली, दुसरं गिळलं. अकरा म्हाताऱ्यांना शिबिराची चिठ्ठी गेली नाही. भिऊन कोणाला सांगितलं नाही. दोन रविवार उमरेडच्या एसटीनं जाऊन हातानं चिठ्ठ्या दिल्या. नऊ भेटले. दोघं भेटले नाहीत. उपाय: नंबर जुळला तरी जुनं कार्ड लगेच उचलू नका. दुरुस्तीचं पुढचं कार्ड आधी पाहा. माझी चूक. स. सो."

हिवाळ्यापासून ही ओळ माझ्या हाताखाली होती. वहीत उतरवताना कार्ड उलटलं असतं तर अडतीस मुलं नापास राहिली नसती. मी जिन्याकडं गेलो. ती तिथंच कठड्याला टेकून उभी होती. तिला सगळं कळलं होतं.

"पाठ वाचली नाई नं भाऊ तुम्ही?"

"नाही."

"मले तेच वाटलं." ती खाली रस्त्याकडं पाहत बोलली. "आता पाठ दाखवली तर फर्म्यावरचा आळ जाईन. पण शिबिराचं निघंन. लपवलं म्हणून साहेब मले तसंबी काढतीन."

"मग फाडतो मी हे. हरवलं म्हणून सांगतो."

"फाडू नका!" एवढ्या जोरात ती कधी बोलली नव्हती. "फाडलं तर चूक फर्म्याचीच राहीन. खोकं रद्दीत जाईन. अन् पुढचा माणूस याच गड्ड्यात पडंन."

"तुझी नोकरी जाऊन राहिली सत्यवती, अन् तुले पुढच्या माणसाची पडली!"

"मले नोकरी नको हाय का भाऊ?" तिचे डोळे भरले. "बाबाले सुईचं नेढं दिसत नाई आता. रोज सकाळी मी दहा सुया ओवून ठेवते तवा दुकान चालते. त्या दहा सुया संपल्या की दुकान बंद. मले नोकरी पाहिजे. पण पाठ फाडून नाई पाहिजे."

एवढं बोलून ती आत गेली. तुम्ही जाऊन सांगा, असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

चार वाजता उन्हात मी मोदी नंबर दोनमध्ये गेलो. म्हटलं, शर्ट आणू. निमित्त हो, दुसरं काय. शर्ट इतके महिने तयार होऊन पडलेला, मी न्यायलाच गेलो नव्हतो. धोंडबा शेवटच्या सुईनं काज करत होते. दुपारच्या सुटीत सत्यवती येऊन सांगून गेली होती.

"काय करू धोंडबाजी?"

"तुम्ही फर्मा नेला होता नं साहेब?"

"हो."

"मंग चूक आणून द्या."

बस, एवढंच. अन् पुन्हा काजात डोकं घातलं. मला असा संताप आला म्हणता! कारकुनीपासून धरून बावीस वर्षांची माझी नोकरी, त्यात एक लाल शाईची ओळ नाही, अन् हा जिन्याखालचा माणूस मला हिशेब शिकवतो. कोणाचा कोण! शर्ट तिथंच टाकून मी तणतणत निघालो. व्हेरायटी चौकापर्यंत त्याला मनातल्या मनात बोल लावत गेलो. चौकात एसटीची वाट पाहत रंभाबाई उभी होती, पिशवी छातीशी धरून. मला पाहिलं अन् तिनं हात जोडले. "मास्तर, लक्ष ठेवजा बरं," म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी आंघोळ करून पाटावर बसलो अन् कार्ड समोर ठेवलं. बायकोनं दोनदा चहा आणला, दोनदा थंड झाला. चार ओळी लिहायला मला पाऊण तास लागला.

अकरा वाजता वामनरावांच्या केबिनमध्ये सत्यवती अन् मी उभे. मी कार्ड टेबलावर ठेवलं, पाठ वर करून. ते वाचू लागले. शिबिराची ओळ वाचताना त्यांच्या भुवया चढल्या. मग त्याखालची माझी.

"जून ८२. कार्डाचं पुढचं उतरवलं, पाठ वाचली नाही. अडतीस मुलं नापास राहिली. फर्म्यात दोष नाही, मागं उपाय लिहिलेला होता. चूक माझी. शरच्चंद्र वझलवार."

 सत्यवती कार्डाकडं पाहून राहिली होती. माझं अक्षर तिला तेव्हाच दिसलं.

वामनरावांनी तिला विचारलं, "दोघं भेटले नाहीत, असं लिहिलंय. कोण दोघं?"

तिनं एक क्षणही विचार केला नाही. "बायजाबाई बारापात्रे अन् दादाजी धकाते. दोघंबी उमरेडचे. बायजाबाई लेकीकडं गेल्या होत्या. दादाजीचं घर सापडलं नाई. मी तिसऱ्यांदाबी गेली होती साहेब, ते कार्डावर लिहाचं राहिलं."

"तेव्हाच मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर ठेवलं असतं का साहेब?"

वामनराव रागीट होते, पण खोटारडे नव्हते. ठेवलं असतं, असं त्यांच्यानं म्हणवेना. त्यांनी चष्मा काढून पुसला अन् ते कार्ड पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. मग मला म्हणाले, "तुमच्या सर्व्हिस बुकात नोंद होईल, वझलवार. आणि आज निकाल दोघं मिळून पुन्हा काढा. मागची बाजू वाचून."

निकाल आम्ही दोघांनी बसून काढला. इंदू पास झाली, सेकंड क्लासात. तीस तारखेपर्यंत ऑर्डरचं कोणी नाव काढलं नाही. ते दहा दिवस मी कसे काढले माझं मला माहीत. तीस जूनला संध्याकाळी पाच वाजता कवडू एक पाकीट घेऊन आला. आत ऑर्डर होती, सहीची. सोबत फर्मा सात. अन् एक चिठ्ठी: "खोके माझ्या केबिनबाहेरच्या टेबलावर राहील. कुलूप लावू नये. पोहेकर."

सत्यवतीनं ऑर्डर दोनदा वाचली, पदराच्या टोकाला डोळे पुसले अन् कार्ड परत ठेवायला खोकं उघडलं. तर वरच्याच कार्डाच्या पाठीवर कोणाचं तरी मोठालं, चौथीतल्यासारखं अक्षर: "गठ्ठा उलटा घातला. दोन वेळा. मी. कवडू." कवडू दाराआड उभा राहून पाहून राहिला होता. वर्षाच्या शेवटी त्या खोक्यात सहा जणांची अक्षरं होती. माझी सगळ्यांत जास्त. फर्मा तीनची दीड दिवसाची फजिती सुद्धा मी लिहून टाकली.

त्याच संध्याकाळी शर्ट आणायला गेलो. सत्यवती आधीच पोचली होती, बापाला ऑर्डर वाचून दाखवत होती. धोंडबांनी तिसऱ्यांदा वाचायला लावली. मग मला पाहिलं अन् शर्ट हातात दिला. मी पैसे काढायला लागलो तर म्हणाले, "आधी तुमचा फर्मा पाहून घ्या साहेब."

खिळ्यावरून कागद काढला. पुढं माझं नाव. पाठ मी कोरी पाहिली होती, ती आता कोरी नव्हती. डोळ्यांनी साथ सोडलेल्या माणसाची मोठमोठी अक्षरं, ओळ खाली घसरत गेलेली:

"वझलवार. हा माणूस फर्मा नेईन, चूक आणून देणार नाई, असं मी पोरीले म्हटलो होतो. माझी चूक. धों."

"शर्ट घालून तर पाहा, बसते का," धोंडबा म्हणाले.  मी तिथंच, जिन्याखाली, जुना शर्ट काढून नवा अंगात घातला.